तांबे काय वाहते?

एसटीच्या गाडीत तिकिटे देतो तो वाहक, आणि विज्ञानाच्या पुस्तकातली तांब्याची सळई तीही वाहकच. एका इंग्रजी शब्दाला मराठीने दोन्ही ठिकाणी एकच प्रतिशब्द दिला आणि तो दोन्हीकडे रुजला. बोलताना आपण कंडक्टरच म्हणतो, हे खरे. पण भरतीच्या जाहिरातीत, संपाच्या बातमीत, गाडीतल्या राखीव आसनावर 'वाहक' हा शब्द आता इतका घरचा झाला आहे की तो कुणीतरी मुद्दाम घडवला असेल असे वाटतही नाही.

शेजारच्या हिंदीत तांबे 'सुचालक' असते आणि लाकूड 'कुचालक'. मराठी कानाला चालक म्हणजे ड्रायव्हर. तेव्हा एकाच तांब्याला हिंदीने पुढे गाडी हाकायला बसवले आणि मराठीने मागे प्रवाशांत उभे केले. बंगालीने 'सुपरिवाही' आणि 'कुपरिवाही' अशी जोडी घेतली, म्हणजे धातू आपलाच, 'वह्'. आता मूळ इंग्रजी शब्द पाहा. तो लॅटिनमधल्या 'ड्यूकेरे' या क्रियापदावरून आला. त्याचा अर्थ नेणे, पुढे होऊन वाट दाखवणे. ड्यूक आणि एज्युकेशन हे त्याच कुळातले. त्या शब्दाला अक्षरशः जागायचे असते तर मराठीत 'वाटाड्या' म्हणावे लागले असते. मराठी परिभाषाकारांनी ते केले नाही. त्यांनी आपल्या भाषेतले एक जुने, अनेक कामे करणारे क्रियापद उचलले. ती निवड किती चांगली होती, हे मला दरवेळी नव्याने पटते.

वाहणे या क्रियापदाकडे जरा थांबून पाहावे असे आहे. नदी वाहते, तेव्हा नदीच पुढे जाते. हमाल ओझे वाहतो, तेव्हा जाणारा हमाल आणि नेले जाणारे ओझे वेगवेगळे असतात. देवाला फूल वाहतो, तेव्हा वाहणारा जागच्या जागी असतो, हातातले मात्र पुढे जाते. एकाच क्रियापदात स्वतः जाणे, दुसऱ्याला घेऊन जाणे आणि आपल्याजवळचे दुसऱ्याला देणे या तिन्ही गोष्टी बसल्या आहेत. काळजी वाहणे, शपथ वाहणे हे आणखी पुढचे फाटे. प्रवाह, वाहन, वाहतूक, विवाह ही सारी 'वह्' धातूची लेकरे. विवाह म्हणजे वधूला घेऊन जाणे. कोर्टकचेरीतली वहिवाटही याच घरातली. पायातली वहाण मात्र या कुळातली वाटते आणि तशी नाही. ती संस्कृतातल्या 'उपानह्'वरून आली, आणि त्या शब्दातला 'नह्' धातू बांधण्याचा आहे. वहाण आपल्याला वाहत नाही, ती पायाला बांधलेली असते.

मग तांबे वीज वाहते ते कुठल्या अर्थाने? हमालासारखे की नदीसारखे? हा शाब्दिक खेळ नाही, भौतिकशास्त्रातलाच प्रश्न आहे. तारेच्या एका टोकाला वीज चढवली आणि तांब्याने ती दुसऱ्या टोकाला उतरवली, असे काही घडत नाही. ज्यांच्या हालचालीला आपण विद्युतप्रवाह म्हणतो ते इलेक्ट्रॉन तांब्याचे स्वतःचेच असतात, आधीपासून तारभर पसरलेले. बटण दाबले की सगळी तार जवळजवळ एकाच क्षणी हलू लागते, म्हणून दिवा लगेच लागतो. पण एकेकटा इलेक्ट्रॉन सरकतो तो घरातल्या वायरीत सेकंदाला एका मिलिमीटरपेक्षाही कमी वेगाने. म्हणजे तांब्याच्या बाबतीत नदीचाच अर्थ खरा, फक्त ती अगदी संथ आणि काठोकाठ भरलेली नदी आहे.

उष्णतेचेही धातूत बरेचसे असेच आहे. धातूच्या सळईचे एक टोक विस्तवात धरले की ऊर्जा दुसऱ्या टोकाला पोचवण्याचे काम मुख्यतः हेच मोकळे इलेक्ट्रॉन करतात. म्हणून जो धातू वीज चांगली वाहतो तोच उष्णताही चांगली वाहतो. चांदी दोन्हींत पहिली, तांबे अगदी तिच्या पाठोपाठ. गुस्टाव्ह वीडेमान आणि रुडॉल्फ फ्रांझ या दोन जर्मन शास्त्रज्ञांनी १८५३ मध्ये निरनिराळ्या धातूंची मापे घेतली. एकाच तापमानाला या दोन वाहकतांचे गुणोत्तर सगळ्या धातूंत जवळपास सारखे येते, हे त्यांनी दाखवले. त्या वेळी इलेक्ट्रॉनचा पत्ताही नव्हता. दोन्हींना एकच शब्द वापरणारी भाषा या बाबतीत निसर्गाच्या बरोबर चालली आहे.

धातूंच्या बाहेर पडले की ही जोडी तुटते. हिरा घ्या. उष्णता वाहण्यात तो तांब्याच्या पाचपटीच्या आसपास जातो, आणि वीज मात्र जवळजवळ वाहतच नाही. त्याच्यात मोकळे इलेक्ट्रॉन नसतात. अणू घट्ट बांधलेले असतात आणि एकाचे थरथरणे शेजारच्याला लगेच पोचते. बांधकामावर गड्यांची रांग लागते, कुणीही जागा सोडत नाही आणि घमेले हातोहात वरच्या मजल्यावर जाते, तसे. इथे वाहणे हे नदीचे नाही, देवाला फूल वाहणाऱ्याचे आहे. जागच्या जागी राहून पुढे देणे. (घमेले हा शब्द आपण पोर्तुगीजांकडून घेतला.) तांब्यात घडते ते आणि हिऱ्यात घडते ते, दोन्हींना आपण 'वहन' म्हणतो आणि दोन्हींना तो शब्द पुरतो, कारण आपल्या क्रियापदात तेवढी जागा आधीपासून होती.

याच 'वह्'चा एक सख्खा भाऊ युरोपात आहे आणि तिथे त्याच्या वाट्याला भलतेच काम आले आहे. संस्कृत 'वह्' आणि लॅटिन 'वेहेरे' हे एकाच मुळातून निघालेले धातू. इंग्रजीतले व्हेइकल त्यातून आले आणि कन्व्हेक्शनही. हा दुसरा शब्द विल्यम प्राउट या इंग्रज वैद्य-रसायनज्ञाने १८३४ मध्ये उष्णतेच्या संदर्भात सुचवला. पातेल्याच्या तळाचे तापलेले पाणी स्वतःच वर जाते आणि आपल्याबरोबर उष्णता नेते, त्या क्रियेसाठी. म्हणजे इंग्रजीत 'वह्'चे कूळ ज्या क्रियेला लाभले तिला मराठीत 'अभिसरण' म्हणतात, आणि मराठीत जे 'वहन' ते इंग्रजीत ड्यूकेरेच्या घरात गेले. सातवीतल्या मुलाला वहन, अभिसरण, प्रारण ही तीन नावे पाठ करावी लागतात तेव्हा त्याला हे कुणी सांगत नाही. सांगायला हवे. अभिसरणातला 'अभि-सृ' म्हणजे एखाद्याच्या दिशेने सरकत जाणे. त्यातूनच रात्री प्रियकराला भेटायला निघालेली अभिसारिका आली आणि शरीरातले रक्ताभिसरणही आले. ज्याला अभिसरण, अभिसारिका आणि रक्ताभिसरण ही तीन नावे एकदा एका ओळीत दिसली तो अभिसरण म्हणजे काय हे विसरणार नाही: जे स्वतः उठून जाते ते.

आता सुवाहक आणि दुर्वाहक. या जोडीवर एक आक्षेप घेतला जातो आणि तो विचार करण्यासारखा आहे. सु म्हणजे चांगला, दुर् म्हणजे वाईट: सुजन-दुर्जन, सुगंध-दुर्गंध. मग लाकडाला दुर्वाहक म्हणणे म्हणजे त्याच्यात काही खोट आहे असे सुचवणे नाही का? तव्याच्या दांड्याला लाकूड बसवतो ते त्याच्या याच गुणासाठी. कुकरची मूठ बेकेलाइटची असते तीही त्यासाठीच. मग गुणाला 'दुर्' का लावायचे?

उत्तर संस्कृताच्याच घरात आहे. सु आणि दुर् यांचा चांगला-वाईट एवढाच अर्थ नाही. सुलभ आणि दुर्लभ, सुगम आणि दुर्गम, सुबोध आणि दुर्बोध या जोड्यांत नीतीचा संबंध कुठेच नाही. तिथे सु म्हणजे सहज आणि दुर् म्हणजे कष्टाने. पाणिनीने हा अर्थ स्वतंत्र सूत्रात नोंदवला आहे, आणि 'दुर्वह' हा शब्दही तिथूनच सिद्ध होतो: वाहायला जड जाणारा. काटेकोर व्याकरणाने दुर्वाहकातला शेवटचा प्रत्यय कर्त्याचा आहे, त्यामुळे 'वाईट वाहणारा' असा अर्थ लावता येतो हे मान्य. तरी मी हा शब्द दुर्जनाच्या रांगेत न बसवता दुर्गमच्या रांगेत बसवतो. ज्यातून उष्णता कष्टाने जाते तो दुर्वाहक. असे वाचले की शब्दातला दोष जातो, आणि महत्त्वाचे म्हणजे पदार्थाविषयी खरे काय ते कळते. दुर्गम गडावर जाता येतच नाही असे नाही. जाता येते, वेळ लागतो.

स्वयंपाकघरात हा सुगम-दुर्गमपणा हाताला कळतो. एक मीटर जाडीच्या पदार्थाच्या दोन बाजूंत एक अंशाचा फरक ठेवला तर दर चौरस मीटरमधून किती वॉट उष्णता जाईल, असे वाहकतेचे माप आहे. तांब्याचे ते सुमारे ४००. अॅल्युमिनियमचे २३५ च्या आसपास, पितळेचे शंभराच्या थोडे वर, लोखंडाचे ८०, बिडाचे ५० च्या जवळपास. आणि स्टेनलेस स्टीलचे अवघे १५. आपल्या फळीवर चमकणारे स्टीलचे पातेले धातू असूनही उष्णतेच्या बाबतीत तांब्याच्या पंचवीस पट मागे आहे. स्टीलच्या पातेल्यात दूध किंवा खीर तळाशी लागते ती नेमकी ज्योतीच्या वर, गोल डागात, हे जिने कधी घासले आहे तिला आकडा सांगायची गरज नाही. उष्णता बाजूला पसरत नाही, एका जागी साचते. म्हणून चांगल्या स्टीलच्या भांड्यांना बाहेरून तांब्याचा थर देतात किंवा बुडात अॅल्युमिनियमची चकती घालतात.

अॅल्युमिनियमला आपल्याकडे घरोघर 'जर्मन' म्हणतात. जर्मनचे पातेले, जर्मनचा डबा, काही ठिकाणी 'जर्मल'. जर्मन सिल्व्हर नावाचा एक मिश्रधातू होता आणि आहे. त्यात तांबे, निकेल आणि जस्त असते, चांदी नसते. त्या नावाचा पहिला अर्धा भाग पुढे स्वस्त, हलक्या, पांढऱ्या अॅल्युमिनियमला चिकटला असे दिसते. नावात देश आहे आणि त्या देशाचा धातूशी संबंध नाही. अशी नावे मला फार आवडतात, कारण ती कुठल्याही समितीत ठरलेली नसतात.

तांब्यापितळेला उष्णता वाहता येते, पण आंबट पदार्थ सोसत नाही. ताक किंवा आमटी त्यात राहिली की कळकते. 'कळकणे' हे क्रियापद दुसऱ्या भाषेत एका शब्दात सांगून दाखवावे असे आहे. त्यावर उपाय कल्हईचा. कल्हई शब्द अरबी 'कलई'वरून आला, म्हणजे कथील. कल्हईवाला भांडे तापवून नवसागर फिरवतो, कथलाचा तुकडा टेकवतो आणि कापसाच्या बोळ्याने तो आतून फासतो. थर इतका पातळ की तांब्याच्या वाहकतेला बाधा येत नाही. तापलेले भांडे धरायला त्याच्या हातात सांडशी असते. सांडशी म्हणजे संस्कृत 'संदंश', दोन्ही बाजूंनी घेतलेला चावा. ती स्वतः लोखंडाची, म्हणजे वाहकच. तरी हात वाचतो, कारण भांड्याला ती फक्त दोन टोकांनी चावते आणि पकड व टोक यांच्यात वीतभर अंतर राहते. वाहकता हा पदार्थाचा गुण, पण चटका बसणार की नाही हे लांबी आणि जाडीही ठरवतात.

चटक्यावरून 'लागणे' आठवते. थंडीच्या दिवसांत अनवाणी शहाबादी फरशीवर पाय ठेवला तर आपण म्हणतो, फरशी गार लागते. शेजारी लाकडी पाट असतो, तो तसा लागत नाही. रात्रभर एकाच खोलीत राहिलेल्या फरशीचे आणि पाटाचे तापमान एकच असते. फरक एवढाच की दगड पायातली उष्णता लाकडापेक्षा कितीतरी वेगाने ओढून घेतो. आता भाषा काय म्हणते ते पाहा. 'फरशी गार आहे' असेही आपण म्हणतो, पण ओठांवर आधी येते ते 'गार लागते'. लागणे म्हणजे स्पर्श होणे, जाणवणे. थर्मामीटर जे सांगतो त्याला 'आहे', पाय जे सांगतो त्याला 'लागते'. ऊन लागते, भूक लागते, चव लागते, सगळीकडे हा जाणिवेचाच शब्द. तापमान आणि उष्णतेचे वहन यांतला भेद शिकवायला याहून सोपे वाक्य मिळणार नाही.

ऊन हाही एक विलक्षण शब्द आहे. मराठीत ऊन म्हणजे सूर्याची ऊब आणि प्रकाश, आणि ऊन ऊन भात म्हणजे वाफाळता भात. तो संस्कृत 'उष्ण'चा वारस. हिंदीत मात्र ऊन म्हणजे लोकर. तो 'ऊर्णा'चा वारस, आणि ही ऊर्णा इंग्रजी वूलची चुलतबहीण. कोळ्याला ऊर्णनाभ म्हणतात तो त्याच ऊर्णेमुळे. दोन वेगळ्या मुळांचे शब्द झिजत झिजत एका उच्चारावर आले, एक उष्णतेचा आणि एक उष्णता अडकवून ठेवणाऱ्या वस्तूचा. पण लोकरीत स्वतःची उष्णता काहीच नाही. घोंगडी 'गरम' असते असे आपण म्हणतो, ती गरम नसते. तिच्या केसांत अडकलेली हवा उष्णतेला दुर्गम असते. स्थिर हवेची वाहकता ०.०२६, तांब्याच्या पंधरा हजारावा भाग. गोधडीचे थर, वाकळेचे थर, सगळे त्या हवेसाठी. १८३३ मध्ये अमेरिकेतल्या बॉस्टनहून जहाजाने चार महिने प्रवास करून बर्फ कलकत्त्याला पोचला. त्यातला निम्म्याहून अधिक शिल्लक होता, आणि त्या व्यापाराचे सारे गणित लाकडाच्या भुश्यावर उभे होते. पुढे तसा बर्फ मुंबईलाही येऊ लागला आणि त्यासाठी शहरात बर्फघर बांधले गेले. जे माणसाला ऊब देते तेच बर्फाला गार ठेवते, कारण मुळात ते काही देत नाही, फक्त जाऊ देत नाही.

जाऊ देत नाही, असे म्हणालो, पण उष्णतेच्या बाबतीत तेही पूर्ण खरे नाही. थर्मासमधला चहा सकाळपर्यंत निवतोच. जेम्स ड्यूअरने १८९२ मध्ये दुहेरी भिंतीचे भांडे केले. त्याने मधली हवा काढून वहन आणि अभिसरण दोन्ही तोडले, तरी प्रारण निर्वातातूनही जाते, म्हणून काचेला चांदीचा मुलामा द्यावा लागतो. एवढे करूनही उष्णता गळतेच. म्हणूनच बाजारात 'उष्णतारोधक' हा शब्द दिसला की मला तो खटकतो. उष्णतेचा खरा रोधक जगात नाही. दुर्वाहक आहेत, एकाहून एक दुर्गम. तांब्यापासून हवेपर्यंत सगळा पल्ला पंधरा हजार पटींत संपतो.

विजेचे तसे नाही. तांबे आणि काच यांच्या विजेला होणाऱ्या रोधात एकावर अठरा शून्ये एवढा किंवा त्याहून मोठा फरक आहे. आपल्या जुन्या मोजणीतला परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्ये, तोही इथे कमी पडतो. निसर्गात एकाच गुणधर्माचा एवढा मोठा पल्ला क्वचितच सापडतो. इथे दुर्वाहक म्हणून भागत नाही, इथे 'रोधक' हाच शब्द हवा. रुध् म्हणजे अडवणे, कोंडणे. अवरोध आणि विरोध त्यातलेच.

हा भेद माणसाच्या पहिल्यांदा लक्षात आला त्याची हकिकत सांगण्याजोगी आहे. स्टीफन ग्रे हा कँटरबरीचा रंगारी. १७२९ मध्ये इंग्लंडमधल्या केंट परगण्यात, ग्रॅनव्हिल व्हीलर या मित्राच्या घरी, तो घासलेल्या काचनळीची वीज तागाच्या दोरीतून लांब नेऊन पाहत होता. दोरी आडवी नेण्यासाठी तिला आधार हवा होता. व्हीलरने रेशमाचे धागे सुचवले. प्रयोग जमला. मग लांबी वाढवताना दोरीच्या भाराने रेशीम तुटले. त्यांनी तितकीच बारीक पितळेची तार बांधली, ती तुटणार नव्हती. दोरी टिकली, पण वीज पुढे पोचेना. आतापर्यंत त्यांना वाटत होते की आधार बारीक आहे म्हणून वीज निसटत नाही. त्या दिवशी कळले की प्रश्न जाडीचा नसून पदार्थाचा आहे. रेशीम अडवते, पितळ सोडते. पदार्थांचे दोन वर्ग त्या तुटलेल्या धाग्यातून निघाले. पुढे काही वर्षांनी देझाग्युलिए या शास्त्रज्ञाने कंडक्टर शब्द रूढ केला. अडवणाऱ्या पदार्थांसाठी आलेला इन्सुलेटर हा शब्द लॅटिन 'इन्सुला'वरून, म्हणजे बेट. वस्तूला जमिनीपासून तोडून बेटासारखी एकटी करणारा तो. (इन्सुलिनही त्याच बेटावरचे: स्वादुपिंडातल्या बेटांसारख्या पेशीपुंजांत ते तयार होते.)

मराठी पुस्तकांत इन्सुलेटर या अर्थाने 'विसंवाहक' हा आणखी एक शब्द येतो, आणि विश्वकोशाच्या परंपरेत वाहकाऐवजी 'संवाहक' आणि 'अर्धसंवाहक'. मला इथे स्पष्ट मत द्यायचे आहे: यापेक्षा वाहक, अर्धवाहक आणि रोधक बरे. 'संवाहक' या शब्दाला संस्कृतात आधीपासून एक अर्थ आहे, अंग रगडून देणारा. 'मृच्छकटिक' नाटकात संवाहक हे एक पात्रच आहे. तो मालिशवाला, जुगारात बुडालेला आणि पुढे बौद्ध भिक्षू झालेला. जुना अर्थ विसरला गेला आहे म्हणून नवा देता येतो, हे खरे. पण साध्या 'वाहक'ने जे साधते त्यासाठी 'सम्' जोडून अर्थात काय भर पडते, ते मला सापडलेले नाही. आणि 'विसंवाहक' ऐकताना मुलाला विसंवाद आठवतो, अडवणे आठवत नाही. रोधक म्हटले की धरण, बांध, अडसर सगळे डोळ्यांसमोर येते. परिभाषेतल्या शब्दाने निदान एवढे तरी करावे.

वीज या शब्दाबद्दल थोडे. संस्कृत 'विद्युत्', प्राकृत 'विज्जु', मराठी 'वीज'. मुळातला 'द्युत्' चमकण्याचा, खद्योत म्हणजे काजवा त्यातलाच. ग्रीक इलेक्ट्रॉन म्हणजे अंबर, घासल्यावर गवताची काडी ओढणारा राळेचा खडा. त्यावरून विल्यम गिल्बर्टने १६०० मध्ये 'इलेक्ट्रिक'चा मूळ शब्द घडवला. संस्कृतात त्या खड्याला 'तृणमणि' म्हणतात, काडी ओढणारा मणी. ती निरीक्षणाची परंपरा आपल्याकडेही होती, पण विजेचे नाव आपण प्रकाशावरूनच घेतले. खेड्यापाड्यांत 'लाइट गेली' म्हणतात, त्याला सुशिक्षित लोक अशुद्ध समजतात. मला ते समजणे पटत नाही. विद्युत् म्हणजे चमकणारी, आणि लाइट म्हणजे उजेड. बोलणाऱ्याने जुन्याच वाटेने नवा शब्द नेला आहे. आकाशातल्या विजेला 'तडित्' हे दुसरे नाव आहे, ते तड् म्हणजे ताडन करणे, मारणे, यावरून. इमारतीवरच्या सळईला 'तडितरक्षक' म्हणतात तेव्हा चमकणारी सोडून मारणारी वीज निवडली, हे फार अचूक झाले.

रोधकांत सर्वांत सुंदर नाव अभ्रकाचे. अभ्र म्हणजे ढग. पापुद्र्यापापुद्र्याचा, अर्धपारदर्शक, ढगाच्या तुकड्यासारखा दगड. विजेच्या जुन्या इस्त्रीत तापणारी नायक्रोमची पट्टी आणि खालचा लोखंडी तळ यांच्यामध्ये अभ्रकाचा पत्रा असतो. तो विजेला अडवतो, तापल्यावर जळत नाही, आणि इतका पातळ असतो की उष्णता त्यातून तळापर्यंत जाऊ शकते. इस्त्री हा शब्द पोर्तुगीज 'एस्तिरार'वरून आला, म्हणजे ताणून सरळ करणे. ढगाच्या नावाचा दगड आणि पोर्तुगीज नावाचे यंत्र एकत्र येऊन शर्टाच्या सुरकुत्या काढतात.

शेवटी तार आणि वायर. तार शब्द फारसी, धागा किंवा तंतू या अर्थाचा. सतारीत तो आहे, लाडवाच्या एकतारी पाकात आहे. तारायंत्राने आलेल्या संदेशालाही आपण तारच म्हटले, आणि ती सेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. वायर इंग्रजी. कोशात पाहिले तर दोन्हींचा अर्थ एक. पण मराठी माणूस त्यांची अदलाबदल सहसा करत नाही. कुंपण तारेचे असते, कपडे वाळत घालायची तार असते. खांबांवरून येतात त्या विजेच्या तारा, आणि घरात भिंतीतून फिरतात त्या वायरी. खांबांवरच्या तारा बहुतेक उघड्या अॅल्युमिनियमच्या असतात. अॅल्युमिनियम तांब्याइतकी वीज वाहत नाही, पण वजनाने एक तृतीयांशाहूनही हलके म्हणून लांब पल्ल्याला तेच परवडते, आणि मजबुतीसाठी त्याच्या पोटात पोलादाचे तंतू घालतात. प्रत्येक खांबावर ही तार चिनी मातीच्या कपावर टेकलेली असते. घरातल्या वायरीला प्लास्टिकचा रोधक अंगावरच चढवलेला असतो. उघडी ती तार आणि आवरणाची ती वायर, हा भेद कुणी शिकवला नाही, कुठल्या परिभाषा कोशात नोंदवला नाही, तरी वायरमनपासून शेतकऱ्यापर्यंत बहुतेक सगळे तो पाळतात. पावसाळ्यात शेतात तार तुटून पडली आहे असा निरोप गावात आला, तर 'तार' म्हटल्यावर कुणाला वेगळे सांगावे लागत नाही की तिच्यावर आवरण नाही, जवळ जाऊ नका, आधी डीपी बंद करायला वायरमनला फोन लावा.